अडीच हजारांचं ओठांचं मलम

गोव्यातल्या पाळी गावच्या गंगाचं भिरंडेल आख्ख्या वाड्यात नावाजलेलं. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, उकळायच्या आणि वर आलेलं तूप निवलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. टाच फुटो की ओठ, बायका तिच्याकडेच येत. लोखंडी पळीत गोळा वितळवून ती ऊन ऊन लावून द्यायची. ओठ कशाने फुटला, हे विचारायची तिची रीत नव्हती. नवरा होता तेव्हा तिचा स्वतःचा ओठ चार-दोन महिन्यांनी फुटायचाच, आणि त्यालाही हेच भिरंडेल.

नवरा गेला. मुलगा सर्वेश खाणीवर ट्रक घालू लागला, एकाचे तीन झाले. ही २०१० सालची गोष्ट; पाळीत तेव्हा लाल धुळीबरोबर पैसाही उडत होता. सर्वेशचा हात मात्र बापाचाच निघाला. हळर्णहून आलेल्या सुनेच्या, गौरवीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तो मारायचा, गंगा तिला चुलीपाशी बसवून भिरंडेल लावायची आणि म्हणायची, उद्या दिसायचं नाही गो. मग सातेरी देवीपुढे वात लावून पोराला बुद्धी दे म्हणायची. आपल्या मलमाने मार झाकला जातो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने ते स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी ट्रकची किल्ली सापडेना, म्हणून सर्वेशने गौरवीचं तोंड जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजावर आपटलं. वरचा ओठ चिरला, रक्त पोलक्यावर सांडलं. शनिवारी त्याने पणजीहून ओठांचं मलम आणलं. सोनेरी नळी, वर परदेशी कंपनीचं नाव, आत गुलाबी रंगाची कांडी. खोक्यावरची किंमत त्याने मुद्दाम तशीच ठेवली होती.

"लाव," तो म्हणाला, "उद्या कोणाला दिसायचं नाही."

गंगाने मान खाली घातली. हे तर तिचंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी आयतारपूजन. श्रावणातल्या रविवारी सुवासिनी सूर्य पुजतात. यंदा मान गौरवीचा होता. पूजा आटोपली, आलेल्या पाच बायका हळदीच्या पानातल्या पातोळ्या खायला बसल्या आणि ती नळी हातोहात फिरू लागली. शेजारच्या सुमंगलेने किंमत वाचून डोळेच विस्फारले.

"अडीच हजार? एवढ्यात मी आख्खं तोंड नवीन घेतलं असतं गो."

हसून हसून पुरेवाट झाली. कोणी म्हणाली, वास मात्र छान आहे. कोणी म्हणाली, वास काय चाटायचाय. शेवटी सुमंगलेनेच पैज काढली: गौरवीच्या वरच्या ओठाला गंगावैनीचं, खालच्याला परदेशी, बघू कुठलं टिकतं. गंगा पळी घेऊन चुलीशी गेली. तेवढ्यात सुमंगलेने थट्टेथट्टेत पदराने गौरवीचा मलम लावलेला वरचा ओठ पुसला. गुलाबी रंगाबरोबर खपली आली. रक्त हनुवटीवर उतरलं.

सुमंगलेने हळूच विचारलं, आपटलीस काय. गौरवीने सवयीने मान हलवली, जनेलावर, म्हणाली. पळी हातात धरून गंगा दारात उभी होती. बाहेर सोप्यावर सर्वेश बसला होता, सगळं ऐकू जात होतं. आता गप्प राहिले तर जन्मभर गप्प, एवढंच तिला उमगलं.

"ती नाही आपटली," ती म्हणाली. "सर्वेशने आपटली. ते झाकायलाच हे मलम."

तो आत आला तो ताटं तुडवतच. गौरवीची वेणी मनगटाला गुंडाळून त्याने तिला फरफटत दाराकडे ओढलं. गंगा आडवी गेली. त्याने आईला कोपराने भिंतीवर फेकलं. तिने पळीतलं उकळतं भिरंडेल त्याच्या मनगटावर ओतलं. कातडी सुटली. वेणीही सुटली. ओरडत त्याने पाट उचलून आईच्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव पडायच्या आत पाचही बायका त्याच्यावर तुटून पडल्या. सुमंगलेने त्याचे केस धरले ते सोडलेच नाहीत.

गंगाने चांगल्या हाताने गौरवीला धरलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली. बसमध्ये गौरवी म्हणाली, "मांय, आधी दवाखान्यात जाऊया." गंगा म्हणाली, आधी हळर्ण.

हळर्णला गौरवीची आई अंगणात आली. लेकीचं तोंड बघून तिने विचारलं, कधीपासून.

"तीन वर्षं," गंगा म्हणाली. "दर वेळी औषध लावून मी लपवलं. तिला तुमच्याकडे पाठवायला हवी होती, पाठवली नाही."

आईने लेकीला आत नेलं. गंगाला बसा म्हटलं नाही. मोडका खांदा धरून ती अंगणात उभी राहिली, आणि उभं राहणंच तिला रास्त वाटलं.