रुपरावांचं रजिस्टर

रुपरावांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं शिफ्ट सांभाळली आणि दर शिफ्टच्या शेवटी रजिस्टरात पुढच्या माणसाची सही घेऊनच त्याला चार्ज दिला. मग माणूस निवृत्त होऊन बेसाला राहायला आला, पण त्याचं रजिस्टर काही निवृत्त झालं नाही. आता त्यात रोज एक अवघड इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य लिहायचं, ते बायकोला, गोपिकाबाईंना समजावायचं आणि त्यांची सही घ्यायची. सहीशिवाय शब्दाचा चार्ज दिला गेला असं रुपराव मानतच नसत.

आजचा शब्द होता 'इन्डिस्पेन्सेबल'.

"म्हंजे ज्याच्याबिगर आपलं चालूच शकत नाही," रुपराव ऐटीत म्हणाले.

"अन् वाक्य?"

"माह्यासाठी सकाळचा चहा इन्डिस्पेन्सेबल आहे."

गोपिकाबाईंनी पेनाला शांतपणे टोपण लावलं.

"मंग घ्या आता चहाचीच सही!"