स्क्रू कोणी फिरवला

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, रोह्याच्या मधूकाकांनीसुद्धा नाही. दोन वर्षं मी घसा फोडून सांगत होते की मशिनला कोणीतरी हात लावतंय. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याच हातातली मशिन काढून दिराला द्यायची ठरवली.

मी चौथीपर्यंत शिकले. बाकीची अक्कल मशिनने दिली. एका मशिनवर चार माणसांचं घर चाललं की किस्से असे चढतात जसा खाडीच्या वाऱ्यात लोखंडावर गंज. घासला तरी दुसऱ्या दिवशी हजर.

*

मशिन म्हणजे गोंदायची. तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, त्यांच्यावर नाचणारी एक लोखंडी पट्टी, पट्टीला धरणाऱ्या दोन स्प्रिंगा. मागची जाड, पुढची पातळ. पुढचीला वरून टेकतो तो स्क्रू. टेकला की करंट, सुटला की बंद. ह्या टेकण्या-सुटण्यावर सुई वरखाली होते. स्क्रू अर्धा आटा इकडचा तिकडे झाला की सुई एकतर रुसते नाहीतर पिसाळते.

हे मला शिकवलं मधूकाकांनी. रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पट्टी गुंडाळीवर दाबून धरायची आणि स्प्रिंग न् स्क्रूच्या मधून दहा पैशाचं नाणं जेमतेम सरकलं पाहिजे. मग कान लावायचा.

"माशीसारखा आवाज नको, गिरणीसारखा नको," ते म्हणाले. "भुंग्यासारखा पायजे. भोपळ्याच्या फुलात बसलेल्या."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सगळा जन्म हाताच्या सुईने गोंदलं. त्या म्हणाल्या, "माझी सुई कधी बोललीच नाय. काम करायची."

*

घर आमचं पेणला, रामवाडीत. गोंदायला मी पेणच्या बाजारात बसायचे आणि आठवड्यातून एकदा एस्टीने रोह्याला जायचे. गंमत अशी की पेणला मशिन भुंग्यासारखी गायची आणि रोह्याला पोचली की बोबडी व्हायची. नेहमी रोह्यालाच, नेहमी पहिल्याच गिऱ्हाइकाला.

गागोद्याचा एक शेतकरी लेकीकडे रोह्याला आला होता. त्याला दंडावर मारुती पाहिजे होता. मी शेपटीपासून सुरुवात केली. पहिल्याच रेघेला मशिन अडखळली. शेपूट ठिपक्या-ठिपक्यांची झाली, बाकी मारुती नीट आला.

त्याने दंड उजेडाकडे वळवला. "बाय, शेपूट मधी-मधी हाय आणि मधी-मधी नाय."

मी म्हटलं, "लंका जाळून आलाय. एवढं तर होणारच."

त्याला पटलं. पुढल्या आठवड्यात त्याचा जावई आला, तशीच जळकी शेपूट मागत. त्या दिवशी त्याचा नंबर दुसरा, तोवर मशिन सुधारली. जावई नाराज होऊन गेला.

*

माझा दीर दत्तू. गुणी पोरगा, देवभोळा, पण त्याला वाटायचं की लोखंडाचं काम म्हणजे जोराचं काम. एकदा रोह्याच्या बाजारात मशिन अडखळताना बघून म्हणाला, "वयनी, बाईमाणसाचा हात हलका. स्क्रू आवळायला पायजे."

त्याने पक्कड लावली. मशिन आधी ओरडली, मग गप्प बसली, मग पुढची स्प्रिंग सुटली ती थेट शेजारच्या हिराबाईच्या सुकटीच्या पाटीत.

दत्तू आणि मी अर्धा तास सुकटीत स्प्रिंग शोधत होतो. तेवढ्यात हिराबाईने दोन गिऱ्हाइकं केली. दुसरी बाई गेल्यावर हिराबाई म्हणाली, "आता तिच्या घरी बघा गो. शिजली असंल."

*

स्प्रिंग गेली म्हणून मधूकाकांकडे गेलो. त्यांनी एका गजराच्या घड्याळाच्या आतली पट्टी काढली, कापली, घासली, भोक पाडलं आणि बसवली. असा आवाज त्या मशिनला जन्मात आला नव्हता.

मी खूश होऊन तिथेच बघत बसले होते, तर एक गुरुजी आले. "माझं घड्याळ झालं का?"

मधूकाकांनी माझ्या हातातल्या मशिनकडे बोट दाखवलं. "झालं की. ते बघा, चालू हाय."

गुरुजींनी कान देऊन ऐकलं. म्हणाले, "पूर्वी एवढं चालत नव्हतं."

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण रोह्याला गिऱ्हाईक तुटायला लागलं. बोबडी मशिन म्हणजे दुखणारी मशिन, आणि बायका सुईचं दुखणं विसरतात, गोंदणारणीला विसरत नाहीत. मालक, म्हणजे माझा नवरा, जेवताना म्हणाले, "जत्रा तोंडावर आली. आणखी एक बाजार बघू. त्याला अडखळली तर मशिन दत्तूकडं."

मी म्हटलं, "रात्रीतून कोणीतरी स्क्रू फिरवतंय."

"कोण? भूत? भुताला दुसरं काम नाय?"

मग मी हट्टाला पेटले. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी नाणं सरकवून मशिन लावली, स्क्रूभोवती काळा दोरा गुंडाळला, सात गाठी मारल्या आणि डबा बंद केला. रोह्याला डबा उघडला तर सातही गाठी जागच्या जागी. नाणं घातलं, बरोबर सरकलं. बटण दाबलं. मशिन बोबडी.

मधूकाकांनी स्क्रू पाहिला. टोक नेहमीसारखं काळं पडलेलं. ते म्हणाले, "ठिणगीनं टोक काळं होतंच. तू एवढं काळं होऊ देतेस ही तुझी चूक. कोणी हात लावलेला नाय, पोरी."

माझाच दोरा माझ्यावर उलटला. घरी सगळ्यांनी त्या सात गाठी मोजून पाहिल्या. मशिन दत्तूकडे जायची नक्की झाली. मी म्हटलं, पुढचा एक बाजार माझा, मग न्या.

*

त्या शेवटच्या बाजाराला रोह्यात सकाळपासून लाईट नव्हती. गिऱ्हाईक येऊन जात होतं आणि मी हात चोळत बसले होते. काहीच करायला नाही म्हणून डबा उघडला, मशिन उन्हात धरली.

स्क्रूच्या टोकाला लाल ठिपका.

आधी वाटलं रक्त. नखावर घेऊन वास घेतला. कुंकू. रोज लाईट असायची, मी पोचल्या पोचल्या बटण दाबायचे, आणि ठिणगीत ते जळून काळं व्हायचं. आज जळलं नव्हतं. आणि मधे कुंकू असलं की स्क्रू टेकला तरी करंट धड जाणार कसा?

मी ते पुसलं नाही. मशिन मांडीवर घेऊन एस्टीत बसले. कंडक्टर म्हणाला सामान वर ठेवा. मी मशिनवर पदर घातला. तो पुढे गेला.

घरी आल्यावर मशिन पाटावर ठेवली आणि तिघांना बोलावलं. "हे कोणी लावलं?"

"मी," दत्तू म्हणाला. लाज नाही, भीती नाही. "तुम्ही रोह्याला निघताना दरवेळी लावतो. गावाबाहेर निघालेल्या हत्याराच्या टोकाला कुंकू लावायचं, ही आपल्या घरातली रीत. सुई तर तुम्ही दर गिऱ्हाइकाला नवी घालता. मग मशिनचं टोक कुठलं? जिथं ठिणगी पडते तेच."

"मला सांगितलं का नाय?"

"देवाचं काम कोण सांगून करतं, वयनी?"

मी मालकांकडे वळले. "माझ्या हाताचा दोष नाय, एवढं कबूल?"

"कबूल," ते म्हणाले. "मशिन तुझ्याकडंच."

इथे विषय संपला असता. पण दोष कोणालातरी लावल्याशिवाय आमच्या घरात ताटं मांडत नाहीत.

मालक म्हणाले, "दत्तूची काय चूक? त्याला ही रीत मी शिकवली."

"तुम्हाला कोणी शिकवली?"

"आयेनं."

सासूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. हात थांबला नाही. "मी माझ्या मनानं काय केलं नाय. ह्या घरात आल्या दिवशी मला जे सांगितलं ते केलं."

"कोणी सांगितलं, आये?" मालकांनी विचारलं.

सूप थांबलं.

सासूबाईंनी लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनकार्डाच्या ऑफिसात साहेबाने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी दत्तूला पुढे ढकललं. सासरे गेले तेव्हा ह्या घरात विजेचा दिवासुद्धा आला नव्हता.

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर नीट केला. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सखाराम," त्या म्हणाल्या.