जेवून आलेला माणूस

"जेवून आलोय, मालक." ढाब्याच्या पायरीवर चपला झटकत ते हे म्हणायचे आणि म्हणताना उजवा तळहात पोटावरून एकदा फिरवायचे. खरं तर फिरवण्याजोगं पोट तिथे नव्हतंच. ढाब्यावर भुकेली माणसं येतात. जेवून येणारा मी आजवर हा एकच पाहिला.

तुम्ही बीडहून सोलापूरकडे कधी गेला असाल तर मांजरसुंब्याला नक्की थांबला असाल. तिथल्या ढाब्यांपैकी एक माझा. ट्रकवाले येतात, लग्नाची वऱ्हाडं येतात, पण माझं खरं गिऱ्हाईक वेगळंच. आमच्या भागात भांडणं कोर्टात कमी आणि ढाब्यावर जास्त मिटतात. बांधाचं असो, सोयरिकीचं असो की ग्रामपंचायतीचं, दोन्ही बाजू एका टेबलावर बसून मटण जेवल्या की प्रकरण संपलं असं सगळे धरून चालतात. त्यानंतरही जो तक्रार पुढे नेईल तो खाऊन उलटलेला. त्यासाठी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एक लांब टेबल ठेवलं आहे. त्याला आमच्याकडे मिटवायचं टेबल म्हणतात, आणि माझ्या घराचा वरचा मजला त्याच टेबलाने चढवला आहे.

ह्या जेवून येणाऱ्या माणसाचा धंदा मंडपाचा. चौसाळ्याच्या आसपास लग्न असो, सप्ताह असो, खांब रोवायला तेच. निवडणुकीत दोन्ही पॅनलच्या सभांना मंडप त्यांचा आणि भोंगाही त्यांचाच. त्यामुळे दोन्हीकडची आश्वासनं त्यांना पाठ. पुढारी भाषणात रंगला की हे शिडीवरून खालच्या माणसाला म्हणत, "हे मागच्या टायमाला पन झालतं." सरपंच झाल्यावरही लोक त्यांना मंडपवालेच म्हणत.

सरपंच झाले ते एका टाकीमुळे. त्यांच्या गावात पाण्याची उंच टाकी उभी राहिली होती, पण टाकीपासून घरांपर्यंत पाइप गेलाच नव्हता. कागदोपत्री तो गेला होता आणि बिलही निघालं होतं. तेव्हाचे सरपंच अप्पा, मोठे बागायतदार आणि बोलायला अतिशय गोड. बायका टाकीच्या सावलीत घागरी टेकवून दम खायच्या आणि पुढे बोअरवर जायच्या. मंडपवाल्यांनी निवडणुकीत एकच गोष्ट सांगितली, निवडून आलो तर टाकीची चौकशी लावीन. आणि ते निवडून आले.

निकालाच्या दिवशी पोरं गुलाल आणि डीजे घेऊन अप्पांच्या दाराकडे निघाली. जिंकलेल्यांनी हरलेल्याच्या दारात गुलाल उधळायचा ही आमच्याकडची रीतच आहे. मंडपवाले रस्त्यात आडवे उभे राहिले.

"गुलाल हिकडं आनायचा न्हाई. उद्या चौकशी लावली तर लोक म्हनत्याल, ते बी गुलालासारखं जिरवायलाच."

पोरं रुसली. सरपंच पहिल्याच दिवशी मॅनेज झाला, असं गावभर झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी जिल्हा परिषदेत तक्रार दिली, तेव्हा तीच पोरं गप्प झाली.

मग अर्थातच माझ्याकडे टेबल बुक झालं. बुक करणारे होते त्यांच्याच बाजूचे तालुक्याचे पुढारी, ज्यांनी त्यांना निवडून आणलं होतं. एकीकडे अप्पा, एकीकडे हे, मध्ये पुढारी. मी स्वतः वाढायला उभा होतो.

"आरं, आज तू अप्पाला आत घालशील," पुढारी म्हणाले, "उद्या त्येंचं पॅनल आलं की ते तुला घालतील. गावाची कामं कवा व्हायची? कावून हे येड लावून घेतो?"

"मला आत घालायजोगं मी काय केलं आसंल तर घालू द्या की," हे म्हणाले.

"लई सोपं वाटतंय तुला."

"सोपं न्हाई वाटत. पन दर टायमाला मागच्याचं झाकायचं, का तर पुढच्यानं आपलं झाकावं. मग पाइप कोन टाकनार?"

मी ताट पुढे केलं. त्यांनी तळहात पोटावरून फिरवला. "जेवून आलोय, मालक." अप्पांनी मोडलेला भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. कुणीच जेवलं नाही, रश्शावर तेलाचा थर धरला. बिल मी पूर्ण घेतलं, पण हा माणूस मला तेव्हा मुळीच आवडला नाही. चालतं टेबल बंद पाडणारा माणूस कुठल्या ढाबेवाल्याला आवडेल?

आता गंमत ऐका. त्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढे मंडप लागला, तो ह्यांचाच. जिथे चार माणसं जमतील तिथे ह्यांचे खांब जणू आपोआप रोवले जायचे. त्यांचा हिशेब बघणाऱ्या पुतण्याने नेहमीसारखं बिल लावलं, ग्रामसेवकाने चेक काढला आणि चेकवर सही सरपंचांची. सरपंचाने आपल्याच पंचायतीचं काम घ्यायचं नसतं. घेतलं तर पद जातं. अप्पांच्या माणसांनी बरोबर हेरलं आणि कलेक्टर कचेरीत अर्ज ठोकला.

त्या आठवड्यात ते एकटेच माझ्याकडे आले. चहा मात्र घेत, चहाला ते जेवणात धरत नसत. कप खाली ठेवून म्हणाले,

"सही माजीच हाय, मालक. वाचली सुदिक न्हाई. अप्पा पन आसंच म्हनत्यात, वाचलं न्हाई."

मी म्हणालो, "अहो, तुमचा मंडप खरोखर लागला होता. त्यांचा पाइप जमिनीत गेलाच नाही. हे दोन्ही एक कसं होईल?"

"एक न्हाईच. पन ते ठरवायला सायब बसलेत ना. आपलं आपन घरी तोललं की हलकंच भरतं."

दोनच दिवसांनी पुन्हा टेबल बुक झालं, ह्या वेळी खुद्द अप्पांच्या फोनवरून. पुढारी नाहीत, बाकी कुणी नाही, दोघंच. अप्पांनी आडपडदा ठेवला नाही.

"तुमी तुमची तक्रार माघारी घ्या, मी माजी घेतो. तुमची खुर्ची ऱ्हाती, माजी अब्रू ऱ्हाती. हे बगा, म्या मोठेपना सोडून आलोय."

मंडपवाल्यांच्या तोंडावर घाम होता. सरपंचपद त्यांना हवं होतं, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभांना खांब रोवलेल्या माणसाला लोक खुर्ची देतात, नमस्कार घालतात, हे काय लहान आहे? मी मनात म्हणत होतो, घे बाबा मिटवून. आणि त्याच वेळी, त्याने मिटवू नये असंही मला फार वाटत होतं. ढाबा काढल्यापासून असं पहिल्यांदाच वाटलं.

"अप्पा, माज्या मंडपाचं खरं हाय," ते अखेर म्हणाले. "तुमच्या पाइपाचं बी खरं हाय. दोनी चालू द्या."

"खुर्ची जाईल तुमची."

"जाईल की. पन गावाला कळंल, सरपंचाला बी इचारता येतं."

मी ताटं आणलीच नाहीत. अप्पा उठले. जाताना दोघांनी एकमेकांना रामराम केला.

मंडपवाल्यांचा निकाल आधी लागला. ते अपात्र ठरले. बीडहून परतताना थांबले तेव्हा मी सरळ विचारलं, वाईट वाटतंय का?

"लई वाटतंय," ते म्हणाले. "सरपंच म्हनायचे सायब लोक. ग्वाड लागायचं ते." डोळे पुसून त्यांनी चहा मागितला.

टाकीची चौकशी मात्र थांबली नाही. अप्पांवर वसुली निघाली, गुन्हाही दाखल झाला. मधल्या काळात नवं टेंडर निघून पाइप पडला. मंडपवाल्यांच्या गल्लीत नळ सगळ्यात शेवटी आला, ह्यावरून त्यांची बायको त्यांना जाता-येता टोमणे मारी. ते हसत आणि पुन्हा शिडीवर चढत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी अंघोळ करून बसले होते, बसल्या बसल्या गेले. मी मातीला गेलो होतो. खांदा द्यायला अप्पा पुढे झाले तेव्हा गर्दीत कुजबूज झाली, पण मंडपवाल्यांच्या मुलाने बाजूला होऊन त्यांना जागा दिली. अप्पांच्या खटल्याची तारीख त्याच आठवड्यात होती. ते तारखेलाही हजर राहिले, असं मला मागाहून कळलं.

परवा त्या गावाहून पुन्हा टेबल बुक झालं. आता तिथे नवीन सरपंच आहे, तिशीतली बाई. तिच्याच कारभाराविरुद्ध गावातल्या एकाने दिव्यांच्या खांबांची तक्रार केली होती आणि तिचे सदस्य त्या माणसाला जेवायला आणणार होते. मी सकाळीच मटण चढवलं. अकराच्या सुमाराला फोन आला.

"मी सरपंच बोलतेय. ते टेबल रद्द करा, दादा. तक्रार माज्यावर हाय ना, तर ती ग्रामसभेतच होऊ द्या. आमच्या गावात आता टेबलावर मिटवत न्हाईत."

"कुणी सांगितलं असं?"

"सांगायचं काय त्यात? तसंच हाय आमच्याकडं."

तिला मंडपवाल्यांचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. मला एकदम भरून आलं. पातेलं तर रटरटत होतं. मी लांब टेबलावर ताटं मांडायला लावली आणि आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना बसवलं, मीही बसलो. कुणाचं काही मिटलं नाही. आम्ही पोटभर जेवलो.