नळीतला दामू

भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा मी तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो. रक्त-थुंकी तपासणाऱ्याकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, भट्टी तरी नकाशाप्रमाणे चालते. जंतू कुणाच्या बापाचं ऐकत नाही! सांगू तेवढं थोडं आहे.

*

पहिला दणका मिठाच्या पाण्यानं दिला. टायफॉईडसाठी आम्ही नळीत लॅबमधले जंतू घ्यायचो आणि त्यात पेशंटच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, टाकायचो. जंतूंचे गोळे झाले की टायफॉईड.

एका आठवड्यात ज्याला त्याला टायफॉईड! गंमत म्हणून माझं रक्त लावलं. मलाही टायफॉईड!

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, शांत माणूस. पण वैतागले आणि नुसतं मिठाचं पाणी टाकलं. तरी गोळे!

बाटल्या धुणारा, जवळच्या उतई गावचा मनराखन हात थांबवून म्हणाला, "नून-पानी ला घलो बुखार आगे का, साहेब?" मिठाच्या पाण्यालाही ताप आला का, म्हणे!

आमचे जंतूच वाढता वाढता बदलून गेले होते, कशातही आपोआप गोळा होत होते. आम्हाला पत्ता नाही!

*

मग साहेबांनी जंतू वाढवायची एक काचेची बशी उजेडात धरली. सगळं एकाच जंतूपासून वाढलेलं. तरी काही ठिपके गुळगुळीत, काही खरबरीत. आपोआप गोळे होणारे ते हे खरबरीत.

"एकाच मायची लेकरं, साहेब?" मी विचारलं.

"हो. आणि कालची!"

त्या दुपारी आम्ही दोघंही डबा उघडायचं विसरलो.

*

माझा धाकटा भाऊ दामू भंडाऱ्याहून प्लांटमध्ये रिगर म्हणून, अवजड सामान दोरखंडानं वर चढवायला आला, तो एक घोंगडी घेऊन. तंबूत तेच अंथरूण, तेच पांघरूण. त्याला ताप आला. बारा दिवस झाले तरी उतरेना. मलेरियाच्या गोळ्या झाल्या. बडबडायला लागला. त्याचं रक्त मीच काढलं.

रक्तातून जंतू वाढला. दिसायला टायफॉईड, वागायला टायफॉईड. पण टायफॉईड ओळखायचं बाटलीतलं सीरम टाकलं, तर गोळे होईनात!

साहेब म्हणाले, "उकळा."

"काय?"

"जंतू! कधी कधी त्याच्या अंगावर आवरण असतं. सीरम आत पोचत नाही. उकळलं की ते निघून जातं."

उकळले. गार केले. सीरम टाकलं. पांढरे गोळे भराभर खाली बसले!

भावाला टायफॉईड निघाला म्हणून आनंदानं रडणारा जगात मी एकटाच असेन. औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी दामूनं खायला मागितलं.

मी त्याला सांगितलं, "तुह्यावानीच घोंगडी पांघरून बसला होता लेकाचा!"

*

साहेबांनी तो जंतू जपून ठेवला. नळीवर मी चिठ्ठी लावली, 'दामू'. दर महिन्याला नवी नळी, नवं खाणं. वर्ष गेलं. इकडे दामूला सेक्टर सहात क्वार्टर मिळालं.

एक दिवस तो लॅबमध्ये आला. "दादा, मले मारायले निघाला होता, तो दाखव."

साहेबांनी स्वतः नळी काढली. न उकळता, सहज, सीरमचा थेंब टाकला.

लगेच गोळे!

साहेब पाहतच राहिले. "आवरण टाकून दिलं यानं," ते हळूच म्हणाले. "आपण होऊन."

दामू नळी डोळ्यांजवळ धरून किती तरी वेळ बघत होता.

"बसल्या जागी खायले भेटून राहिलं, कोणी मारायले येत नाही. घोंगडी कावून पांघरीन तो, साहेब? माहीबी पेटीतच पडली हाये."