सहा जणांचा वर्ग

केटलबेल शिकवणाऱ्या सरांनी मला फसवलं. सहा जणांच्या वर्गात घेतो म्हणाले आणि चौदा जणांत उभं केलं.

मी भवानी पेठेत टॉवेलचा व्यापार करतो. वळसंगहून आलो तेव्हा याच पेठेत पाठीवर गठ्ठे वाहायचो. आज दुकान माझं आहे, आणि ते भाव करण्यावर उभं राहिलंय. सूतवाल्यासमोर गादीवर बसायचं, दर ऐकायचा, पटला नाही की ताडकन उठून चपला पायात सरकवायच्या. जिन्यापर्यंत पोचायच्या आत मागून हाक येते, "शेठ, बसा की!" त्या हाकेवर मी घर बांधलं.

मग कंबर धरली. उठायचं तर एक हात गादीवर, दुसरा कुणाच्या तरी खांद्यावर. एकदा रागानं उठायला गेलो तर सूतवालाच म्हणाला, "सावकाश शेठ, हात देऊ का?" दर जागचा हलला नाही. ज्याला उठता येत नाही, त्याच्या उठून जाण्याला कोण भितंय?

म्हणून त्या वर्गात गेलो. सर माझ्या पोराच्या वयाचे. म्हणाले, "काका, सहाच जण घेतो. प्रत्येकाच्या पाठीवर नजर ठेवायला लागते की." केटलबेल, म्हणजे कडी असलेला लोखंडी गोळा, हातात द्यायच्या आधी त्यांनी माझ्या पाठीला उभी काठी लावली. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली ठेवून वाकायचं. मला जमेना. गठ्ठे वाहिलेला माणूस पाठीची कमान करूनच वाकतो.

"काका, हमाली सोडा."

"हमालीवर वर आलोय मी!"

"वर आलात, पण पाठ खालीच राहिली की."

मी चिडलो, पण रोज गेलो. दीड महिन्यानंतर आठ किलोचा गोळा झुलवायला लागलो. एक दिवस सूतवाल्याकडे हात न टेकता उठलो. चपलेत पाय घातला आणि मागून हाक आली. मी मुद्दाम दोन पायऱ्या उतरलो, मगच वळलो.

पुढची फी भरताना सवयीनं भाव केला. पेठेत एका नगाचा आणि डझनाचा दर एक नसतो. म्हणालो, "माणसं आणतो, दर उतरवा." सर म्हणाले, "आणा की काका, त्यांची वेळ वेगळी ठेवतो." आमच्या गल्लीतले आठ व्यापारी नेले. सोमवारी बघतो तर सगळे एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी.

शेजारचा दुकानदार माझा गोळा बघून हसला. "शेठ, नातवाचा उचलून आणलाय व्हय?" मी सोळाचा घेतला. सर त्या टोकाला मोबाईल धरून भरलेल्या हॉलचा व्हिडिओ काढत होते. दोन-तीनदा झुलवला, आणि पुढच्या वेळी गोळा पायांतून मागं जाताना पाठ जुन्या सवयीनं वाकली. कमरेत कळ आली ती अशी, की गोळा सोडून तिथंच आडवा झालो.

नंतर सर घरी आले. चहा न घेता म्हणाले, "मोठा गोळा तुम्हीच उचललात, काका. माणसंबी तुम्हीच आणलीत."

दोन्ही खरं आहे. पण मी दर उतरवून मागितला होता, नजर उतरवून मागितली नव्हती. माल कमी द्यायचा असेल तर तो सौदा करतानाच सांगायचा असतो. आमच्या पेठेतला लबाडातला लबाडही एवढं पाळतो.

काल सूतवाल्यानं दर सांगितला. "जातो मी," म्हणालो आणि बसून राहिलो. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

तेव्हा सर, गल्लीत या. तुम्ही वर्गात घेतलेल्या त्या आठही व्यापाऱ्यांसमोर उभे राहा आणि सांगा: काठी भिंतीला टेकून उभी होती, मी गोळा उचलला होता, त्या वेळी माझ्या पाठीकडे कोण बघत होतं?