म्हाताऱ्या बैलाच्या शेजारी

इटियाडोहचं धरण व्हायच्या आधीची गोष्ट. आमगावच्या बाजारातून मी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. पहिल्याच दिवशी त्यानं कोंबड्या छपरावर पळवल्या, मांजरीच्या दोन चापट्या खाल्ल्या, तरी ते तिच्याच मागे. बाबूजी म्हणाले, "कायले आणलास रे हे? घरी जनावरं कमी होती काय?" मला राग आला की मी गप्प बसायचो. त्यांना आला की अख्खी आळी ऐकायची.

मग धानाची मळणी लागली. खळ्यावर पाच बैल एका दोरीत जोडून मधल्या खांबाभोवती फिरवत होतो, तर हे पिल्लू कडेच्या बैलाच्या शेपटीला लोंबकळलं. सगळे बैल थांबले. मी काठी उचलली. बाबूजींनी ती हिसकून घेतली. "मारून कोण शिकते? नवा गोऱ्हा कुठं बांधतोस तू?"

नवा गोऱ्हा आम्ही म्हाताऱ्या बैलाच्या शेजारी बांधतो. आमचा म्हातारा बैल खांबाला लागून, सगळ्यांत हळू चालायचा. बाबूजींनी पिल्लू सुतळीनं त्याच्याजवळ बांधलं. ते लोळलं, केकाटलं, मग निमूट चालू लागलं. म्हातारा त्याच्यासाठी थांबला नाही, पण त्यानं पिल्लावर पायही पडू दिला नाही.

पुढच्या मळणीला म्हातारा नव्हता. चारच बैल जोडले. कुत्रं तोवर वाऱ्यासारखं पळणारं झालं होतं. बैल निघाले तसं ते आपणहून आलं आणि खांबाजवळच्या रिकाम्या जागेत म्हाताऱ्याच्या चालीनं चालू लागलं.