शिडावरचा राजवाडा

पंढरी तामोरे आणि मी पालघरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर कारकून लागलो. पंढरी दातिवऱ्याला मोठ्या भावाच्या होडीवर गेला. सुट्टीला मी त्याच्याकडे जायचो. तो बोलता बोलता ओल्या वाळूवर काडीने घरं काढायचा. खिडक्या, जिने, गच्च्या. गावात तशी घरं नव्हती.

सदुसष्टच्या चैत्रात गावाने हनुमान जयंतीला नाटक बसवलं. पंढरीचा भाऊ दादू राजा झाला होता. मुंबईहून भाड्याने यायचा पडदा आलाच नाही. दादूने होडीचं नवं शीड काढून दिलं. जुनं फाटलं होतं, म्हणून पावसाळ्यानंतर लावायला हे शिवून घेतलं होतं.

"रंगव," दादू म्हणाला. "सरसाचा रंग हाय ना? दर्यात जाईल धुवून. पन माजा वाडा बारका काढू नको."

मासे सुकवायच्या खळ्यावर पंढरीने शीड पसरलं. चुलीवर सरस वितळवला, त्यात रंगांची पूड कालवली. निळा संपला तेव्हा त्याच्या बायकोने, जमुनाने, कपड्यांची नीळ आणून दिली.

"घे. तुज्या खिडक्या निळ्या, माजी लुगडी पिवळी."

शीड एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरतं. राजवाड्याचा एकच मनोरा वर गेला. बाकीचा वाडा उतरत उतरत जमिनीला टेकला. उरलेल्या जागेत नारळाच्या झावळ्या रोवून बाग केली.

नाटकात दादू त्या वाड्यासमोर उभा राहिला तेव्हा सगळे गप्प झाले. मग पुढे बसलेली रखमाबाई ओरडली, "दादू, पाय पुसून जा रे आत!"

सफाळ्याला बहिणीकडे आलेले खंडेराव त्या गर्दीत होते. ते मुंबईच्या एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. नाटक संपल्यावर त्यांनी शिडावरून हात फिरवला.

"मनोरा एकच का?"

"कापड तसं होतं."

खंडेराव हसले. "नारळी पुनवेनंतर मुंबईला ये. हा पडदा घेऊन ये. आमचे मालक शब्दावर माणूस घेत नाहीत, काम बघून घेतात."

तो पावसाळा पंढरीने कसा काढला, मी पाहिलं आहे. शीड घडी करून माळ्यावर ठेवलं होतं. तो शिडी लावून वर जायचा, एक कोपरा उलगडायचा, पुन्हा मिटायचा. मला विचारायचा, तिथले रंगमंच किती उंच असतात? पडदा उभा रंगवतात की आडवा? मला काहीच माहीत नव्हतं. तरी तो विचारायचा.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. दादूच्या मांडीवर जुनं शीड होतं. तो ठिगळ लावत होता.

"नवं घेऊन जा पंढरी," तो मान वर न करता म्हणाला. "माजं यावर भागंल."

"आनि भर दर्यात फाटलं की?" जमुना आतून म्हणाली. "सुई-दोरा घेऊन मी येव पोहत?"

दादू हसला. मीही हसलो. पंढरी हसला नाही.

जमुना बाहेर आली. "मी जा म्हनते तुला. मासळी विकीन, सासूला बघीन. कोन अडवत नाय. पन तू तिकडं रंगवत बसशील, आनि इकडं वारा सुटला की मी कोनाकडं बघू? तेवडं सांगून जा."

पंढरीने दादूच्या मांडीवरचं कापड बोटांत धरलं. जरासं ओढलं. ते ठिगळाच्या शेजारी फाटलं.

सकाळी तो नवं शीड खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आला. दादूने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"धुवून आनायचं होतंस."

"तू धू."

"मी नाय धुनार," दादू म्हणाला.

गावातल्या कोणीच ते धुतलं नाही. नारळ दर्यात गेला, शीड वर चढलं, वारा भरला. राजवाडा फुगला आणि पाण्यावरून चालू लागला. मी वाळूत उभा होतो. पंढरी होडीत होता.

दिवाळीपर्यंत दर फेरीला तो वाडा थोडा थोडा गेला. आधी जिने, मग भिंती, मग मनोरा. नीळ मात्र कापडात मुरली होती. खिडक्या राहिल्या.

संध्याकाळी बायका किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभ्या राहतात. लांबून सगळी शिडं सारखीच दिसतात. एकदा त्यांतल्या मंजुळाने जमुनाला डिवचलं, "तुजा कुठं गं?"

"तो काय," जमुना म्हणाली. "खिडकीत."

होडी जवळ आली. दादू सुकाणूवर होता. पंढरी शिडाकडे पाठ करून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला होता. उतरला, टोपली जमुनाच्या डोक्यावर दिली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. पाय ओल्या वाळूत होते. हातात काडी नव्हती.

"मुंबईला गेलास कधी," तो म्हणाला, "तर एखादं नाटक बघ. मागचा पडदा बघ. मग येऊन मला सांग."